पहिली ओळ कोणाची

जाईबाईचा आवाज एका दिवसात गेला नाही. दोन लग्नसराया तो फाटत चालला होता. घशात गाठ निघाली, ती काढली, आणि वाशीच्या डॉक्टरने सांगितलं, "आजी, बोला, पण बेताने. गाणं मात्र आता विसरा."

जाईबाईने शहाण्यासारखी मान हलवली. रिक्षात बसल्यावर नमिताला, आपल्या नातीला, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गानं विसरा म्हनं. त्याला म्हनावं, तू मुतायचा विसर."

रिक्षावाला हसला. नमिता हसली नाही. तिला ठाऊक होतं, आता घरात काय सुरू होणार ते.

बोनकोडे गावात जाईबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो अक्षतांपुरता. त्याआधीचं सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती गायला लागली की हळद लागते, ती थांबली की हळदीचे हात थांबतात. त्या गाण्याला धवळा म्हणतात. धवळ्यात आधी गावदेवीला बोलवायचं, मग खाडीला, आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना. एकेकाला, नावाने, मानाप्रमाणे. नाव राहिलं तर ते माणूस मांडवाच्या दारात ताटकळत उभं राहतं, असं जुन्या बायका अजूनही मानतात. नव्या मानत नाहीत, पण नाव राहिलेलं त्यांनाही चालत नाही.

जाईबाई या कामाला लागली ती एका म्हशीमुळे. नवी सून होती. खाडीकडच्या खाचरात म्हैस रुतली होती आणि ती बांधावरून माणसांना हाका मारत होती. तिथे आता सेक्टर आहे आणि दातांचा दवाखाना. गावची म्हातारी धवलारीण त्या वाटेने चालली होती. ती थांबली, हाक ऐकली, म्हणाली, "हिचा आवाज बांध ओलांडून जातंय." दुसऱ्या दिवशी येऊन तिने जाईबाईच्या ओटीत नारळ घातला. तुला यायचं आहे का, असं कोणी विचारलं नाही. असं विचारायचं असतं हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

म्हातारीने एकच गोष्ट बघितली होती. जाईबाईला आता सहा बघायच्या होत्या, आणि सहाही एका बाईत.

*

पहिला तगादा नामदेवाचा आला. नामदेव तिचा चुलत पुतण्या, शेजारच्या गल्लीत राहणारा. जमिनी गेल्या, त्याबदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर चार मजले उभे राहिले. आता तो भाडेकरूंच्या पाण्याच्या तक्रारी ऐकतो. त्याच्या मुलाचं, केतनचं लग्न ठरलं होतं.

"काकी, पुढच्या पंधरवड्यान हलद हाय," तो दारातूनच म्हणाला. "कोन गानार ता सांग."

"सांगते."

"सांगते सांगते करशील नि मना ऐन टायमाला टेन्शन देशील. नायतर माजा मोबाईल हाय. किसनच्या पोरीच्या हलदीला तुजा आवाज भरून घेतलाय. एकदम क्लिअर. ब्लूटूथवर लावला का झाला काम."

जाईबाईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"लाव. त्याच्यान किसनचा बाप हाय, किसनची आजी हाय, दारू पिऊन खाडीत गेलेला त्याचा काका हाय. सगल्यांना बोलव तुज्या मांडवान. जेवायला घाल."

नामदेव घुटमळला. "ता एडिट होतंय, काकी."

"मेलेली मानसा एडिट करतंस कं रं?"

नामदेव गेला, पण तिचं मन निर्धास्त झालं नाही. तो फोन लावेल हे तिला ठाऊक होतं. त्याने लावला की पुढचं घर लावेल. हळदीतले ढोल असेच गेले आणि बँजो आला. बँजो गेला आणि डीजे आला. ढोल बंद करा असं कोणी ठरवलं नव्हतं. वेळेवर कोणी काही ठरवलं नाही, म्हणून ते झालं. आता तिने नाव सांगितलं नाही तर गाण्याचंही तेच होणार होतं, आणि त्यात आवाज तिचाच असणार होता.

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. ओट्यावर येईल ती बाई एक नाव सांगायची आणि जाईबाई ते नाव खोडून काढायची. गल्लीच्या टोकाच्या सुनेचं नाव आलं. तिला गाणी येत होती, पण तिचं तोंड वाईट. एकीचं तोंड गोड होतं, पण दुपारी झोपल्याशिवाय तिचं चालत नव्हतं. एक तरुण होती, तिला गावातली घरं माहीत नव्हती. एकीला सगळी घरं माहीत होती, इतकी की कोणत्या घरात काय शिजतं ते दुसऱ्या घरात पोचायचं. प्रत्येक नावाला जाईबाईकडे नवं कारण असायचं, आणि कालचं कारण आज तिला आठवत नसायचं.

"आजी, तुला नक्की पाहिजे काय?" नमिताने शेवटी विचारलं.

"चांगली बाई पायजे."

"चांगली म्हणजे काय?"

"ता बघितल्यावर कलतंय."

नमिता महाप्याच्या एका कंपनीत नोकरीला माणसं निवडायचं काम करते. तिने लॅपटॉप आणला आणि चटईवर आजीसमोर मांडी घातली. "आम्ही असंच करतो. आधी काय काय पाहिजे ते लिहायचं. मग कशाला किती महत्त्व, ते ठरवायचं. मग प्रत्येकीला मार्क. शेवटी बेरीज. भांडण नाही."

"भांडन नाय मंग मानूस कसा निवडता?"

तरी ती बसली. आवाज. पाठांतर. घरोघरची माहिती. स्वभाव. सवड. आणि पुढे किती वर्षं गाईल, ते. हे सहावं सांगताना ती जरा थांबली. महत्त्व वाटायची वेळ आली तेव्हा मात्र तिने शंभरातले पन्नास एकट्या आवाजाला देऊन टाकले.

"पन्नास जास्त होतात," नमिता म्हणाली.

"मंग तू गा."

नावं तीनच उरली. पहिली जागृती, जाईबाईच्या भाचीची मुलगी. लग्न होऊन करंजाड्याला गेलेली, ऑर्केस्ट्रात गाणारी. दुसरी सखू, जाईबाईची सून, नमिताची आई. तिसरं नाव नमिताने स्वतःहून घातलं. त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू संघमित्रा. वडील मराठवाड्यातून आलेले, ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिचा गळा गोड. जाईबाईचा आवाज जायला लागला तेव्हा तिने हौसेने संध्याकाळी खाली येऊन धवळे रेकॉर्ड केले होते, ऐकून ऐकून लिहून काढले होते आणि नकळत पाठही केले होते. गावातली घरं तिला रक्ताच्या रिपोर्टांवरून माहीत होती.

बेरीज झाली. संघमित्रा पहिली आली. फार पुढे.

जाईबाईने स्क्रीन आपल्याकडे वळवली. आकडे तिला वाचता येत होते. "हिच्यान तिच्या घरान्याचा खाना कुटं हाय?"

"तसला खाना मी टाकणार नाही," नमिता म्हणाली.

जाईबाई दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडली. झोपली नव्हती. बाहेरच्या बाईच्या तोंडून आपली मेलेली माणसं. गावात काय बोलतील, तेही तिने मनातल्या मनात बोलून बघितलं, एकेकीच्या आवाजात. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यांच्यातल्या एकीलाही गाता येत नाही. चार वाजता ती उठली. नारळ घेतला, खण घेतला, आणि दोन मजले चढून गेली. मोठा निर्णय घेतल्याचं समाधान तिच्या दम लागलेल्या चेहऱ्यावर होतं.

संघमित्राने दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. नारळ बघितला आणि तिच्या लक्षात आलं.

"मावशी, हे माझ्याच्याने होणार नाही."

"तुना सगला येतंय."

"येतं. मला आवडतात ती गाणी. रात्रपाळीला मनातल्या मनात म्हणते. पण मांडवात बसून देवीला ये म्हणायचं, ते माझ्या तोंडून निघणार नाही. माझे आजीआजोबा बौद्ध होऊन ज्यातून बाहेर पडले, तिथे मी गळा चांगला आहे म्हणून परत जाऊ का?"

"नुसता म्हनायचा. मानायचा नाय."

"तुम्ही नुसतं म्हणता का?"

जाईबाईने नारळ मांडीवर ओढून घेतला. नुसतं म्हणायचं असतं तर नामदेवाचा फोन काय वाईट होता.

"लिहिलेलं सगळं देते," संघमित्रा म्हणाली. "कुणाला शिकवायला बसा म्हटलंत तर सुट्टी काढून बसते. पण मांडवात नाही."

जाईबाई नारळ घेऊन खाली आली. पायरीपायरीला तिचा संताप वाढत होता. संघमित्रा चुकीचं बोलली असती तर तो कमी वाढला असता.

"त्या तक्त्यान एक खाना राहिला," ती नमिताला म्हणाली.

"कुठला?"

"तिला पायजे कं नको, हा."

"ते आम्ही पहिल्या फोनवरच विचारतो."

"मंग इथं का नाय विचारलास?"

नमिताने लॅपटॉप मिटला. "मला वाटलं, तुला कोणी नाही म्हणत नाही."

*

मग जागृती. तिला विचारलं, तेही आधी फोनवर. ती लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की जाईबाईला तेही आवडलं नाही.

ती स्कूटरवरून आली, जाईबाईच्या पाया पडली, आणि बसल्याबसल्या एक धवळा उचलला. खोली भरून गेली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून ऐकायला लागली. जाईबाईने स्वतःचा जुना गळा दुसऱ्याच्या अंगात बसलेला ऐकावा, तसं ते होतं.

दुसऱ्या कडव्यावर जागृती थांबली. "इथून मी डायरेक्ट शेवटावर जाते हां, आजी. मधलं लांबतं. पब्लिक कंटाळते."

"मधल्यान मानसा हायत."

"कोण माणसं?"

"मेलेली."

"मग लिहून द्या ना. मी बघून म्हणते."

जाईबाईने तिच्या पुढ्यात चहा सरकवला. मग तिने विचारलं, "केतनच्या हलदीला येशील कं?"

"येणार ना. फक्त माझा उलव्याला एक कार्यक्रम आहे, तो उरकून येते. तिकडून ट्रॅफिक नसला तर काय, टेन्शन नाही. आणि मला माईक लागेल."

ती गेल्यावर जाईबाईने नमिताला पुन्हा लॅपटॉप उघडायला लावला. आवाजाचे पन्नास फार झाले म्हणाली. पंचवीस कर. घरोघरच्या माहितीला वाढव. सवडीला वाढव. नमिताने वाढवलं. उरलेल्या दोघींत सखू पहिली आली. जाईबाईच्या कपाळाला आठी पडली. मग ती म्हणाली, आवाजाला चाळीस कर. जागृती वर आली. मग म्हणाली, मधलं काहीतरी.

"आजी, तू आधी नाव बघतेस आणि मग मार्क ठरवतेस."

"मंग तुज्या हापिसान काय करतात?"

नमिताच्या हापिसातही साहेबाचा भाचा आला की खाने हलतात, हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. त्याऐवजी तिने चिडून विचारलं, "तुला नक्की कोण पाहिजे माहितेय? तुला जाईबाई पाहिजे. पंचवीस वर्षांची."

स्वयंपाकघरातून सखूचा हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

*

सखूचं नाव जाईबाईने सगळ्यांत शेवटी का घेतलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सखूचा आवाज. लाद्यांवरून लोखंडी खुर्ची ओढावी तसा.

धवळा एकटीने गात नाहीत. एक जण ओळ उचलते, दुसरी ती झेलते. म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणते. तेवढ्यात पहिलीला श्वास मिळतो आणि पुढची ओळ आठवते. नवऱ्याच्या मागे सखू सासूबरोबर मांडवात जायला लागली. त्याला तीस वर्षं होत आली. ती मागे बसून झेलायची. पुढचा गळा गोड असला की मागचा कसा आहे ते लोक ऐकत नाहीत. पण आवाज सोडला तर सखूचं पाठांतर पक्कं, स्वभाव सोशिक, आणि गावातल्या कोणत्या घरात कोण कधी गेलं, कोणाच्या आधी कोणाचं नाव, हे तिला सासूपेक्षाही चांगलं माहीत. नमिताने आईला पाठांतराचे पैकीच्या पैकी दिले होते. जाईबाईनेही त्याला हरकत घेतली नव्हती.

सखू दुपारी सुका जवळा निवडत बसली होती. जाईबाई समोर येऊन बसली.

"गा."

"काय गाऊ?"

"केतनच्या हलदीचा."

सखूने हात पुसले. डोक्यावर पदर घेतला. तोंड उघडलं. आणि तशीच बसून राहिली.

"गा ना."

"गाते." पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले. डोळे दाराकडे गेले, जणू तिकडून कोणी येणार होतं.

जाईबाईला राहवलं नाही. घशावर हात दाबून तिने पहिले दोन शब्द हवेत सोडले, "पयली हलद..." आणि सखू धावत सुटली. पहिली हळद गावदेवीला, गावदेवीच्या पायरीला, पायरीच्या दगडाला. अख्खं कडवं, कुठे न अडखळता. आणि कडवं संपलं तिथे कोणी दोरी ओढल्यासारखी थांबली.

"पुढं?"

"पुढं तुमी म्हनता."

"मी आता म्हनत नाय. तू म्हन."

"तुमी म्हटल्यावर मना येतंय, आय. तुमी नाय म्हटलात तर नाय येत."

तीस वर्षं. इतक्या हळदी, इतकी कडवी, सगळी या बाईच्या पोटात होती, आणि एकालाही बाहेर यायला स्वतःची वाट नव्हती.

"तीस वर्सा काय केलास?"

"तुमच्या मागं बसले," सखू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. जवळा पुन्हा निवडायला घेत ती म्हणाली, "एक दिवस तरी बोललात कं, का सखू, आज तू पुढं बस? तुमच्या म्हातारीनं तुमाना भर मांडवान पुढं ढकलला होता ना. सगल्यांना सांगता कौतुकानं. मना कोन ढकलनार होता?"

म्हातारीने ढकललं होतं, हे खरं. ओळ मध्येच सोडून ती पान खायला उठून गेली होती आणि जाईबाई उघडी पडली होती. घाबरून तिने पुढची ओळ उचलली होती. जाईबाईने ते सखूला कधी केलं नाही. मांडवात तो आवाज पुढून ऐकायची तिची तयारी नव्हती, एवढंच कारण होतं.

ती उठली. एक गाते पण तिला नको. एक गाते पण तिला माणसं नकोत. आणि ही, हिला सगळं आहे आणि सुरुवात नाही. जाईबाईला ओरडावंसं वाटलं. पूर्वी ती ओरडली असती तर नामदेवाच्या गल्लीपर्यंत गेलं असतं. आता तिने दाराची कडी दोनदा आपटली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

नमिता संध्याकाळी आली तेव्हा आजी ओट्यावर आणि आई आत, आणि दोघींमध्ये एक शब्द नाही.

"पाठांतराचे मार्क कमी कर," जाईबाई म्हणाली.

"किती करू?"

"मना काय ठावं. सगला येतंय नि काय नाय येत, त्याला किती देतात?"

*

नाव ठरलंच नाही. हळदीच्या आदल्या दिवशी नामदेव आला तेव्हा जाईबाई म्हणाली, "जागृती येल. सखू मागं बसल."

"मंग ठरला ना, काकी."

"ठरला काय नाय. उद्याचा भागवते."

दोन इमारतींमधल्या रस्त्यावर मांडव घातला होता. डीजेवाले पेट्या उतरवून चहा पीत होते. ते धवळा संपायची वाट बघत होते. जागृती उलव्याहून आली ती धापा टाकत, कार्यक्रमाच्याच चकचकीत साडीत. तिने माईक घेतला, दुसऱ्या हातात फोन. संघमित्राने लिहिलेले धवळे आणि नामदेवाने दिलेली त्याच्या घरातली नावं त्यात आली होती. सखू तिच्या मागे पाट घेऊन बसली. तिला माईक नव्हता. कोणी विचारलंही नाही. जाईबाईला पुढे खुर्ची दिली होती.

जागृतीने ओळ उचलली आणि मांडव गप्प झाला. गावदेवी आली, खाडी आली. सखू झेलत होती, नेहमीसारखी, कोणाच्या लक्षात न येता. केतनच्या गालाला हळद लागली. नामदेवाने डोळे पुसले. जाईबाईच्या मांडीवर तिचा हात ताल धरत होता. जागृती त्या तालाच्या जरा पुढे पळत होती, आणि दर वेळी जाईबाईचे दात आपोआप आवळले जात होते.

मग घरातली माणसं आली. नामदेवाचे वडील गोटीराम आले. त्यांच्यामागे जागृतीने नामदेवाच्या आईचं नाव घेतलं.

झेल आला नाही.

जागृतीने मागे बघितलं. सखू तोंड मिटून बसली होती. हळदीचे हात हवेत थांबले. मग सखूने ओळ म्हटली, पण ती जागृतीची नव्हती. "या गो या, पुतळा आई, पहिल्या मानाची." माईकशिवाय. खुर्ची ओढल्यासारखा तो आवाज डीजेच्या पेट्यांपर्यंत गेला.

पुतळा ही गोटीरामाची पहिली बायको. पहिल्या बाळंतपणात गेली. नामदेवाची आई त्यानंतर आली. ती असेपर्यंत प्रत्येक सणाला आधी पुतळेचं पान वाढायची, मग बाकीच्यांची. केतनला हे नाव माहीतही नव्हतं. नामदेवाने हात जोडले.

"माझ्याकडे नाही लिहिलेलं ते," जागृती म्हणाली. माईक तोंडाशी होता. सगळ्या गल्लीने ऐकलं आणि मांडव हसला.

"तुज्याकडं नाय, म्हनून तं मी बसलंय ना मागं," सखू म्हणाली.

"मग आधी सांगायचं ना, मामी."

"आधी मना येत नाय. तू चुकीचा म्हन, मंग मना बरोबर येतंय."

पुन्हा हशा झाला. एक म्हातारी म्हणाली, हलद सुकते, नंतर भांडा. जागृतीने रागाने पुढची ओळ उचलली, जरा अंदाजाने. सखूने ती दुरुस्त करून झेलली. त्यापुढची उचलली, तीही दुरुस्त झाली. नंतर जागृतीने फोन मांडीवर ठेवला. ओळ उचलायची आणि मागे कान लावायचा. मासळी बाजारात भाव करतात तसं ते चाललं होतं, एकीने टाकायचा, दुसरीने फिरवायचा. पण सगळी माणसं आली. दारात कोणी राहिलं नाही.

जाईबाईने एकदा मध्येच तोंड उघडलं. सूर खाली आला होता, तो उचलायचा होता. तोंडातून हवा आली. बाजूच्या बाईला वाटलं, पाणी पाहिजे. तिने पाणी आणून दिलं. जाईबाई ते प्यायली. दुसरं काय करणार होती.

हळद लागली. डीजे सुरू झाला.

*

लग्न उरकल्यावर जागृती जाईबाईच्या घरी तक्रार घेऊन आली. सखू घरातच होती, तिची तक्रार तयार होती. "मला भर मांडवात खाली दाखवलं," एक म्हणाली. "मना माईक पन नाय दिला," दुसरी म्हणाली. यापुढे हिच्याबरोबर बसणार नाही, असं दोघीही म्हणाल्या, आणि दोघींनी ते जाईबाईला सांगितलं, जणू ती न्यायाधीश होती.

जाईबाईला दोघीही पटत नव्हत्या. जागृती ताल पळवत होती. सखूचा आवाज आवाज नव्हता. दोघी मिळून बसल्या तरी आपल्यासारखं होत नव्हतं, हे तिने मांडवात पूर्ण वेळ मोजलं होतं. तिसरी कोण, याचा विचार तिने रात्रभर केला होता. तिसरी नव्हती.

तेवढ्यात विश्वजित आला. वरच्या आळीतला, तिशीचा. त्याच्या बहिणीची हळद होती.

"आजी, कोनाला सांगू?"

जाईबाईने घसा खाकरला. बोलायला वेळ लागला. "दोघींना."

"एकच पाठवा ना. आमचा मांडव गच्चीवर हाय, जागा कमी हाय."

"मंग लोका कमी बोलव."

जागृतीने पर्समधून फोन काढला. तारीख बघितली, तोंड वाकडं केलं, काहीतरी पुढेमागे केलं. "चालेल," ती विश्वजितला म्हणाली. "तुमच्या घरात कोण कोण गेलेत, सांग. लिहून घेते."

"त्याला काय विचारतंस," सखू म्हणाली. "त्याला त्याचा आजा पन ठावं नाय. लिव. पयला त्याच्या आज्याचा मोठा भाव."

"नाव?"

"तू काहीतरी म्हन, मंग सांगते."

"मामी, डोकं नका फिरवू."

"म्हन ना."

जागृती काहीतरी म्हणाली. सखूने ते दुरुस्त केलं. दुसरं नाव आलं, तिसरं आलं. तिसरं चुकलं होतं. तिथे विश्वजितच्या धाकट्या आत्याचं नाव हवं होतं, जी लग्नाआधीच गेली. सखूला ते माहीत असायचं कारण नव्हतं, ती गावात सून म्हणून आली तेव्हा त्या आत्याचं नाव कोणी काढत नव्हतं. जाईबाई पुढे सरकली. "थांब," ती म्हणाली.

आवाज तिच्या स्वतःच्या कानापर्यंतही नीट गेला नाही. दोघी फोनवर वाकल्या होत्या आणि चौथ्या नावावरून भांडत होत्या. ती पुन्हा "थांब" म्हणाली. कोणी मान वर केली नाही. तिने उठून सखूच्या खांद्याला धरून हलवलं.

"काय हाय, आय?" सखू वैतागून म्हणाली. "मधी नका बोलू. आता कुटं यायला लागलंय मना."